उजव्या हातातली सुई : सलाईनच्या जागेवरून रक्तात उतरलेला संसर्ग

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, तपासण्या आणि घेतलेले निर्णय बदललेले नाहीत. दिवस मोजताना पहिली सुई लागली तो पहिला दिवस धरला आहे, कारण या प्रकरणाची सुरुवात तिथेच होते.

रुग्ण आणि पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्यातले एक कापूस उत्पादक शेतकरी, वय साठीच्या आसपास. घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. मधुमेह आठ-नऊ वर्षांपासून. गोळ्या चालू, पण साखर क्वचितच तपासलेली. मे महिन्याचे दिवस. खानदेशात तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो आणि लग्नाच्या तिथीही नेमक्या त्याच दिवसांत दाट असतात. भावकीतल्या एका लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवून आबा घरी आले आणि पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. त्या पंगतीतल्या आणखी काही जणांनाही तोच त्रास झाला होता.

सकाळी गावातल्या दवाखान्यात त्यांना सलाईन लावले. उजव्या मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूच्या शिरेत २० नंबरचे गुलाबी इंट्राकॅथ घातले, दोन बाटल्या गेल्या आणि थोडी हुशारी आली. संध्याकाळी घरी सोडताना सुई तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी परत सलाईन लागणार होते आणि शिरा बसलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा टोचायला नको, हा त्यामागचा विचार. खानदेशातल्या कुठल्याही तालुक्यात ही पद्धत नवी नाही. हाताला रुमाल गुंडाळून सुईसकट घरी जाणारी माणसे आपण एसटीत, रिक्षात पाहतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण नातेवाइकांना ती बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. आपण जिला सुई म्हणतो ती धातूची सुई शिरेत राहतच नाही. ती फक्त वाट करून देते आणि बाहेर काढली जाते. आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. तिचे एक टोक वाहत्या रक्तात, दुसरे कातडीच्या बाहेर. आपल्या कातडीवर जंतू कायमच असतात. कातडी शाबूत आहे तोवर ते बाहेर राहतात. नळी घातली की त्यांना तिच्या बाहेरच्या अंगाने आत उतरायला रस्ता मिळतो. नळी जास्त दिवस राहिली की तोंडाकडूनही, म्हणजे जिथे सिरिंज जोडतो त्या बुचातून, शिरकाव होतो. प्लास्टिकला एकदा चिकटले की हे जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थरापर्यंत ना शरीराच्या पेशी नीट पोहोचतात ना अँटिबायोटिक.

आबा त्या रात्री घरी घामाने भिजले. सकाळी म्हशीची धार त्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी त्याच सुईतून पुन्हा सलाईन गेले. त्या रात्री लघवी बंद झाली आणि ते असंबद्ध बोलू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाने गाडी करून त्यांना जळगावला आणले.

जुनी सुई का राहिली

मी ज्या रुग्णालयात काम करते तिथे आबा आले तेव्हा रक्तदाब कमी होता, जीभ कोरडी पडलेली, साखर ४१० आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन २.६. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी ताबडतोब डाव्या हाताला १८ नंबरचे हिरवे इंट्राकॅथ घातले, सलाईन जोरात सोडले, इन्सुलिन सुरू केले. हे सगळे वेळेवर आणि बरोबर झाले. दुपारपर्यंत लघवी सुटली, संध्याकाळी ते मुलाला नावाने हाक मारू लागले.

उजव्या हाताच्या नळीबद्दल त्या गडबडीत एकच वाक्य बोलले गेले : असू दे, दुसरी लाइन लागली तर उपयोगी पडेल. हे वाक्य अगदीच बिनबुडाचे नव्हते. रक्तदाब पडलेल्या माणसाला दोन चालू शिरा हाताशी असाव्यात, हे प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो. पण त्या क्षणी रास्त असलेला हा निर्णय किती वेळ लागू राहणार, हे कोणीच ठरवले नाही. संध्याकाळी रक्तदाब स्थिर झाला. तेव्हा उजवी नळी काढायला हवी होती, किंवा अजून दोन शिरांची गरज वाटत असेल तर स्वच्छ जागी नवी घालायला हवी होती. बाहेर, घाईत, स्वच्छतेची खात्री नसताना घातलेली नळी शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त ४८ तासांत बदलावी, असे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. आबा आमच्या दारात आले तेव्हाच ते ४८ तास संपत आले होते.

उलट झाले असे की, डाव्या हातातून सलाईन सतत चालू असल्याने उलटीचे आणि ॲसिडिटीचे इंजेक्शन उजव्या बाजूने द्यायची सवय वॉर्डात पडली. नळी वापरात आली की ती कोणाला जादाची वाटत नाही. भरतीच्या कागदावर डाव्या हाताच्या इंट्राकॅथची तारीख-वेळ होती. उजव्याची कुठेच नव्हती, कारण ते आमच्याकडे घातलेले नव्हते. आणि ज्याची नोंद नाही त्याची मुदत कोण मोजणार? वरची चिकटपट्टी गावच्या दवाखान्यातलीच होती : पांढरी, कापडी, कडा घामाने आणि धुळीने काळ्या पडलेल्या. तिच्याखाली कातडी कशी आहे ते पट्टी न काढता दिसणे शक्यच नव्हते.

पाचव्या दिवसाची रात्र

चौथ्या-पाचव्या दिवशी आबा झपाट्याने सुधारले. क्रिएटिनिन १.७ वर आले, साखर आटोक्यात आली, पातळ खिचडी पचू लागली. सहाव्या दिवशी सुटी द्यायची असे जवळजवळ ठरले होते.

पाचव्या रात्री साडेअकराच्या सुमारास त्यांनी रात्रपाळीच्या सिस्टरला सांगितले, “मन्हा हात ठणकस, हाई सुई काढी टाक ना माय.” सिस्टरनी पट्टी उचलून पाहिली. नळीच्या तोंडाशी लाली होती आणि शीर वर कोपराच्या दिशेने दोन बोटे लांब, दोरीसारखी टणक लागत होती. त्यांनी त्या नळीतून औषध देणे थांबवले आणि कागदावर लिहिले : उजवी साइट लाल, दुखते, शीर टणक, डॉक्टरांना कळवले. ड्यूटीवरचे डॉक्टर तेव्हा अपघात विभागात एका दुचाकी अपघातातल्या जखमीपाशी होते. फोनवर उत्तर मिळाले, सकाळी राउंडला बघू.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा माझ्या मते हा आहे, पहाटेची थंडी नव्हे. रुग्णाने स्वतः सांगितले होते. सिस्टरनी पाहिले होते, ओळखले होते, लिहिलेही होते. शिरदाहाची, म्हणजे शिरेला आलेल्या सुजेची, जी श्रेणी रुग्णालयांत वापरतात तिच्यानुसार लाली, दुखणे आणि हाताला लागणारी टणक शीर एवढे असेल तर नळी काढायचीच असते, त्यात विचार करण्यासारखे काही उरत नाही. तरी नळी सकाळपर्यंत तशीच राहिली, कारण आमच्या रुग्णालयात कुठलीही नळी काढायला डॉक्टरांचा आदेश लागत असे. ती काढायला लागतात दोन मिनिटे आणि कापसाचा एक बोळा.

रात्रीच नळी काढली असती तर संसर्ग नक्कीच टळला असता, असे मी म्हणणार नाही. जंतू तोवर रक्तात गेलेही असतील. पण ती शीर रात्रभर त्यांना पुरवठा करत राहिली, एवढे खरे.

सहाव्या दिवशी पहाटे : समोर असलेले पर्याय

पहाटे साडेपाचला आबांना खाट हलेल एवढी थंडी वाजली. ताप १०३, नाडी १२४, रक्तदाब ९०/६०. सात वाजता मला बोलावणे आले.

वॉर्डात तोपर्यंत दोन मते तयार झाली होती. एक मत असे की हा मलेरिया किंवा टायफॉइड असावा. गावाकडून आलेला माणूस, थंडी वाजून ताप, मग मलेरियाची आणि टायफॉइडसाठी विडालची तपासणी पाठवू, पॅरासिटामॉल देऊ, अहवाल येईपर्यंत थांबू. दुसरे मत उलट्या टोकाचे : रक्तदाब पडतोय, एक क्षणही न दवडता सगळ्यांत जोरदार अँटिबायोटिक सुरू करा, कल्चर (रक्तात कोणता जंतू उगवतो ती तपासणी) नंतर बघू.

पहिल्या मतातली अडचण अशी की भरती झाल्यावर ४८ तासांनंतर नव्याने येणारा ताप हा आधी रुग्णालयातला, म्हणजे नळी, लघवीची पिशवी, फुप्फुस किंवा जखम यांतला समजून शोधायचा असतो. मलेरियाची तपासणी करायला हरकत नव्हती, ती केलीही आणि ती निगेटिव्ह आली. पण तिच्यासाठी थांबणे परवडणारे नव्हते. विडालवर तर अशा वेळी भिस्त ठेवूच नये. दुसऱ्या मतातली घाई समजण्यासारखी होती, पण अँटिबायोटिकचा पहिला डोस गेल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू उगवण्याची शक्यता बरीच घटते. जंतूचे नाव कळले नाही की पुढचे सगळे उपचार अंदाजाने चालतात आणि या आजारात ते उपचार आठवड्यांचे असतात.

दोन्ही साधता येते, कारण कल्चरसाठी रक्त काढायला दहा मिनिटे पुरतात. हात धुऊन, कातडी क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने पुसून ती वाळेपर्यंत थांबून, दोन वेगवेगळ्या जागी नव्याने टोचून दोन संच घेतले. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. चालू नळीतून ओढलेले रक्त घेतले नाही. एकच बाटली पाठवली आणि तिच्यात काही उगवले, तर ते कातडीवरचे की रक्तातले याचा वाद उरतो. दोन जागांच्या बाटल्यांत तोच जंतू आला की तो वाद मिटतो.

मग उजवी नळी काढली. जागेवर हलके दाबताच टाचणीच्या डोक्याएवढा पिवळसर पू वर आला. तो पूही तपासणीला पाठवला. डावी नळीही तीन दिवसांची झाली होती. ती काढून दुसऱ्या जागी नवी घातली.

औषध कोणते, यावर थोडा खल झाला. नळीच्या जागेचा संसर्ग म्हणजे स्टॅफिलोकॉकस या जंतूचा संशय सर्वांत आधी, आणि तो नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, म्हणजे एमआरएसए, असू शकतो. म्हणून व्हॅन्कोमायसिन हवेच होते. पण आपल्याकडच्या रुग्णालयांत नळ्यांमधून क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे वेगळ्या गटातले, ग्राम-निगेटिव्ह जंतूही पुष्कळ सापडतात, आणि इथे रक्तदाब पडलेला मधुमेही माणूस होता. तेव्हा दुसरे औषधही लागणार होते. पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम हाताशी होते, पण व्हॅन्कोमायसिनबरोबर ते मूत्रपिंडाला जड जाते आणि आबांचे मूत्रपिंड आताच कुठे सावरत होते. म्हणून मेरोपेनेम निवडले आणि त्याच वेळी कागदावर लिहून ठेवले की कल्चरचा पहिला अहवाल आला की दोनपैकी एक औषध बंद होईल. जोरदार औषध सुरू करताना ते कधी थांबवायचे तेही तिथल्या तिथे लिहिले नाही, तर ते चालूच राहते.

जंतू कळल्यावर

चौदा तासांत प्रयोगशाळेच्या मशीनने दोन्ही संच पॉझिटिव्ह दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राम-पॉझिटिव्ह, घोसाने दिसणारे गोल जंतू, म्हणजे स्टॅफिलोकॉकसची ठेवण. सातव्या दिवशी मेरोपेनेम बंद केले. आठव्या दिवशी पूर्ण नाव आले : स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मेथिसिलिनला दाद देणारा, म्हणजे एमआरएसए नव्हे. पुवातही तोच.

आता व्हॅन्कोमायसिन बदलून सेफाझोलिन देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आबांचा मुलगा अस्वस्थ झाला. त्याने मोबाइलवर औषधांच्या किमती पाहिल्या होत्या. “डॉक्टरसाहेब, पैशाची काळजी करू नका, भारी औषध बंद करू नका,” असे तो हात जोडून म्हणाला. त्याला बसवून समजावले की या जातीच्या जंतूवर सेफाझोलिन हे व्हॅन्कोमायसिनपेक्षा चांगले काम करते. ते स्वस्त आहे हा योगायोग. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांच्या मनातही हाच प्रश्न होता, म्हणून तो संवाद त्यांच्यासमोरच झाला ते बरे झाले.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस रक्तात सापडला की तो साधा ताप उरत नाही. उपचार करूनही अशा दर पाच रुग्णांपैकी साधारण एक दगावतो. हा जंतू हृदयाच्या झडपांवर, मणक्यांत, सांध्यांत, मांडीच्या आतल्या स्नायूंत जाऊन बसतो. म्हणून काही गोष्टी ठरलेल्या असतात : मूळ जागा साफ करणे, रक्त स्वच्छ होईपर्यंत दर ४८ तासांच्या आसपास पुन्हा कल्चर घेणे, हृदयाचा इको, आणि पहिल्या स्वच्छ कल्चरपासून मोजून किमान १४ दिवस शिरेतून औषध, जंतू कुठे बसला असेल तर चार ते सहा आठवडे. ताप उतरला म्हणून पाच दिवसांत औषध थांबवले आणि महिन्याभराने रुग्ण कंबर धरून परत आला, अशी उदाहरणे जिल्ह्या-जिल्ह्यात सापडतील.

ताप का उतरत नाही

आठव्या दिवशी घेतलेले कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आले. औषध योग्य, मात्रा योग्य, नळी काढलेली, आणि तरी दहाव्या दिवशी ताप १०१ वरच. अशा वेळी हात औषधांच्या कपाटाकडे जातो. एक सूचना आलीही की व्हॅन्कोमायसिन परत जोडू.

त्याऐवजी हात पुन्हा नीट पाहिला. मनगटापासून सुरू झालेला टणकपणा आता कोपराच्या घडीपर्यंत पोहोचला होता आणि मध्ये एका जागी दाबल्यावर आबा कळवळत होते. डॉपलर सोनोग्राफीत त्या शिरेत लांब गुठळी दिसली आणि तिच्याभोवती पातळ द्रव. म्हणजे नळी काढली तरी पू भरलेली शीर आतच होती आणि तिथून जंतू रक्तात सुटत होते. असे पुवाचे घर शरीरात असताना फक्त औषधाने रक्त स्वच्छ होणे कठीण.

शल्यचिकित्सकांचे म्हणणे होते की मधुमेही माणूस, जखम भरायला त्रास होईल. आणखी दोन दिवस शेक आणि औषधावर बघू. त्यांची काळजी खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूला, औषध सुरू होऊन चार दिवस झाल्यावरही रक्तात जंतू असणे म्हणजे दर तासाला झडपांचा आणि मणक्यांचा धोका वाढणे. आम्ही खाटेपाशी उभे राहून बोललो आणि मधला मार्ग निघाला : सगळी शीर काढून टाकायची नाही; सोनोग्राफीने दाखवलेल्या जागी भूल देऊन शीर उघडायची, पू आणि कुजलेली गुठळी काढायची, जखम उघडी ठेवून रोज ड्रेसिंग करायचे. त्याच संध्याकाळी ते केले. चमचाभर पू निघाला.

त्या दिवशी सकाळी घेतलेले कल्चरही पॉझिटिव्हच आले. बाराव्या दिवशी घेतलेले पहिल्यांदा स्वच्छ निघाले. त्याच रात्री ताप उतरला.

मागे वळून पाहता, डॉपलर आधीच करायला हवा होता. नळीच्या तोंडाशी पू दिसला तेव्हाच शीर किती वरपर्यंत भरली आहे हे पाहणे शक्य होते. मधले दिवस आम्ही औषधावर विसंबून राहिलो.

कंबर

नवव्या दिवसापासून आबा कंबर दुखते म्हणत होते. इतके दिवस पडून आहेत, गादी कडक आहे, अशी कारणे घरच्यांनीही दिली आणि वॉर्डातही मान्य झाली. पण दुखणे रात्री जास्त असे आणि एका ठरावीक मणक्यावर टिचकी मारली की ते दचकत. तेराव्या दिवशी एमआरआय केला. कमरेच्या दोन मणक्यांत आणि त्यांच्यामधल्या चकतीत संसर्ग पोहोचला होता. नसांवर दाब नव्हता, भोवती पुवाची पोकळी नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रिया टळली.

छातीवरून केलेला इको आधीच स्वच्छ होता. तरी रक्त ७२ तासांनंतरही पॉझिटिव्ह राहिले होते, म्हणून घशातून नळी उतरवून करायचा इकोही करून घेतला. झडपा निरोगी निघाल्या. उपचाराचा काळ मणक्यामुळे सहा आठवड्यांचा ठरलाच होता. पण झडप बिघडली असती तर पुढे कशावर लक्ष ठेवायचे आणि शस्त्रक्रियेची वेळ कधी येईल, हे सगळे बदलले असते. म्हणून तो खर्च करायला कुटुंबाला सांगितले.

सहा आठवडे औषध द्यायचे कुठे

बाराव्या दिवसापासून सहा आठवडे. सेफाझोलिन दर आठ तासांनी. हा हिशेब ऐकून कुटुंबाचा धीर सुटला. पहिला पाऊस पडायच्या आत शेत तयार करायचे होते, कापसाचे बियाणे घ्यायचे होते, आणि घरातला कर्ता मुलगा रुग्णालयात अडकलेला. ते म्हणाले, इंजेक्शने लिहून द्या, गावातल्या दवाखान्यात घेऊ.

सहा आठवडे भरती राहणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य होते. गावात रोज तीन वेळा इंजेक्शन म्हणजे पुन्हा नळी हातात ठेवून घरी राहणे आले, आणि तिथूनच तर हे सगळे सुरू झाले होते. गोळ्यांवर जाण्याचाही विचार केला. हाडांच्या संसर्गात गोळ्या शिरेतल्या औषधाइतक्याच चालतात असे २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले आहे, पण रक्तात नुकताच स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेले नव्हते. आबांच्या बाबतीत तिचा आधार घेणे आम्हाला पटले नाही.

शेवटी ठरले ते असे. पहिले तीन आठवडे भरती राहून सेफाझोलिन. नंतरचे तीन आठवडे आबांनी जळगावातच मुलीकडे राहायचे आणि रोज सकाळी डे-केअरमध्ये येऊन दिवसातून एकदाच द्यायचे सेफ्ट्रिॲक्सॉन २ ग्रॅम घ्यायचे. या जंतूवर सेफ्ट्रिॲक्सॉन सेफाझोलिनइतके खात्रीचे आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण रक्त तीन आठवडे स्वच्छ राहिलेले, जखम भरत आलेली, संसर्गात वाढणारा रक्तातला सीआरपी उतरणीला लागलेला. अशा वेळी माणूस उपचार पूर्ण करेल अशी सोय करणे मला जास्त मोलाचे वाटले.

त्यासाठी दंडातून घालायची लांब नळी, म्हणजे पीआयसीसी, लागणार होती. ज्या माणसाला नळीनेच एवढे भोगायला लावले त्याला आणखी मोठी नळी घालायची, हे आबांच्या पत्नीला, म्हणजे आजींना, पटेना. त्यांचा प्रश्न रास्त होता. रक्त स्वच्छ होऊन चार दिवस झाल्यावर, सोळाव्या दिवशी, ती घातली : डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादर, डॉक्टरांना गाऊन-मास्क-टोपी, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसलेली, वर पारदर्शक ड्रेसिंग. रोज सकाळी जोडण्याआधी बूच अल्कोहोलने १५ सेकंद घासायचे. मुलीला आणि आजींना आम्ही आरशाने ती जागा कशी पाहायची ते दाखवले आणि सांगितले की लाली, ओल, दुखणे किंवा थंडी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता यायचे. आजी दिवसातून तीन वेळा पाहत. एकदा ड्रेसिंगची कड सुटली म्हणून भर दुपारी रिक्षा करून आल्या. तेव्हा काहीही झालेले नव्हते. ड्रेसिंग बदलले आणि आजींचे मनापासून कौतुक केले.

निष्पत्ती

चौपन्नाव्या दिवशी शेवटचा डोस देऊन त्याच खुर्चीत पीआयसीसी काढली. सीआरपी सामान्य, क्रिएटिनिन १.१, साखर इन्सुलिनवर आटोक्यात. मनगटाच्या वर लांबट व्रण राहिला आणि उजव्या मुठीची ताकद काही महिने कमी होती. कंबर वाकताना दुखते. वजन उचलायला अजून मनाई आहे. वर्षभराने केलेल्या तपासणीत संसर्ग परतलेला नव्हता.

त्या वर्षी त्यांच्या शेतात कापसाची लागवड उशिरा झाली आणि काही रान पडीक राहिले. उपचाराच्या खर्चासाठी म्हैस विकली गेली. दोन दिवसांच्या उलट्या-जुलाबांनी सुरू झालेल्या आजाराची ही किंमत होती, आणि तिच्यातला मोठा भाग जुलाबांचा नव्हता.

वेगळे काय करता आले असते

हातातल्या साध्या नळीतून रक्तात संसर्ग होणे हे प्रमाणात पाहिले तर दुर्मीळ आहे. २००६ मध्ये दोनशे अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हे प्रमाण हजार नळी-दिवसांमागे ०.५ निघाले, मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घालायच्या साध्या नळीसाठी, म्हणजे सेंट्रल लाइनसाठी, २.७. त्यामुळे सगळी काळजी, सगळे तक्ते अतिदक्षता विभागातल्या सेंट्रल लाइनभोवती असतात आणि ते योग्यही आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांनी हात धुणे, पूर्ण आवरण, क्लोरहेक्सिडिन, मांडीची जागा टाळणे आणि नको असलेली लाइन काढणे एवढ्या पाच गोष्टी नेटाने केल्या आणि संसर्गांत ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली, हे २००६ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. पण वॉर्डात जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या हातात नळी असते. प्रमाण लहान असले तरी माणसे खूप, आणि त्या नळीकडे बघायला नेमून दिलेले कोणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये हातातल्या नळ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन काढले.

आमच्याकडे या प्रकरणानंतर तीन बदल झाले. बाहेरून आलेल्या रुग्णाच्या अंगावरची प्रत्येक नळी भरतीच्या वेळी कागदावर चढते, ती बाहेरची असल्याची खूण होते आणि दुसरी शीर मिळाल्यावर ती काढली जाते. प्रत्येक ड्रेसिंग पारदर्शक आणि त्यावर पेनाने तारीख-वेळ. तिसरा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो मिळवायला सर्वांत जास्त बैठका लागल्या : लाल, दुखरी, टणक किंवा २४ तासांत न वापरलेली नळी सिस्टर स्वतःच्या अधिकारात काढतात आणि डॉक्टरांना नंतर कळवतात. सुरुवातीला काही वरिष्ठांना भीती वाटली की गरजेच्या वेळी शीर मिळणार नाही. काही वेळा पुन्हा टोचावे लागलेही. तेवढा त्रास मी स्वीकारार्ह मानते. पाचव्या रात्री आबांजवळ उभ्या असलेल्या सिस्टर आज त्या कामाच्या प्रशिक्षणाला उभ्या राहतात.

गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांशी मी बोलले. दोष द्यायला गेले नव्हते, आणि त्यांनीही मोकळेपणाने सांगितले. रात्री रुग्ण ठेवायला जागा नाही, जळगाव दीड तासावर, आणि सलाईन लावले नाही तर रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातो. आबांना पहिल्या दिवशी उलटी थांबायची गोळी आणि घोटाघोटाने ओआरएस पाजले असते तर बहुधा भागले असते, हे त्यांनाही मान्य होते. पण “नुसतं पाणी पाजून पाठवलं” हे गावात ऐकून घ्यावे लागते. आम्ही एवढेच ठरवले : सुई ठेवून घरी पाठवायचे नाही. दुसऱ्या दिवशी गरज लागलीच तर नव्याने टोचायचे. आणि ज्याला दुसऱ्या दिवशीही सलाईन लागेल असे वाटते, त्या मधुमेही किंवा वयस्क रुग्णाला पहिल्याच संध्याकाळी पुढे पाठवायचे. त्यांच्याकडून आता येणाऱ्या रुग्णांच्या चिठ्ठीवर नळी कधी घातली त्याची वेळ लिहिलेली असते. आसपासच्या इतर दवाखान्यांशी बोलणे अजून चालू आहे.